"गुन्हा कबूल" म्हणण्यापूर्वी

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक ताई संध्याकाळी घरी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कोर्टाचे कागद. नळावरच्या भांडणातून मुलावर मारामारीची केस झालेली. कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगितले, "कबूल करून टाका, दंड भरा, रोजची कटकट संपेल." ताई विचारत होत्या, "भाऊ, कबूल करू द्यायचं का त्याला?"

आम्ही चटकन हो म्हणालो नाही. याच वस्तीतील एका पोराने चार-पाच वर्षांपूर्वी असेच केले होते. दंड भरला, सुटलो म्हणून पेढे वाटले. पुढे नोकरीसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी आली तेव्हा तीच शिक्षा आडवी उभी राहिली. दंड हीसुद्धा शिक्षाच असते, हे त्याला त्या दिवशी कुणी सांगितले नव्हते.

सरळ उभे राहून गुन्हा कबूल करणे वेगळे आणि कायद्याने दिलेली गुन्हाकबुलीची तडजोड वेगळी. या दुसरीला वकील मंडळी 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. आपल्याकडे ही पद्धत ५ जुलै २००६ पासून लागू झाली. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा तिला विरोधच होता. महाराष्ट्रातील तेलभेसळीच्या एका खटल्यात १९७६ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा सौद्यावर कडक ताशेरे ओढले होते. पैसेवाला भेसळ करणारा किरकोळ शिक्षेवर सुटतो आणि भोगतो गिऱ्हाईक, असा तो प्रकार.

अमेरिकेत हीच पद्धत कुठवर गेली ते पाहा. केंटकी राज्यात पॉल हेज नावाच्या माणसावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो. नाही केलेस तर सराईत गुन्हेगाराचे कलम लावतो. हेजवर आधीचे दोन गुन्हे शाबीत होते. तरी त्याने खटला लढवला, हरला आणि जन्मठेप झाली. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारी वकिलाचे वागणे कायद्यात बसते असे ठरवले. कोणते कलम लावायचे ही चावी सरकारी वकिलाच्या हाती असली म्हणजे असे होते.

आपल्या कायद्यात ती चावी त्याच्या एकट्याच्या हाती नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे तडजोडीचा अर्ज आरोपीने स्वतः, प्रतिज्ञापत्रासह, आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत करायचा. मग न्यायाधीश त्याला एकट्याला घेऊन विचारतात : मनापासून करतोस की कुणी दडपण आणले? त्यानंतर सरकारी वकील, तपास अधिकारी आणि फिर्यादी यांच्यासह बोलणी होतात, नुकसानभरपाई ठरते. पहिलाच गुन्हा असेल तर कोर्ट कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश इतकीच शिक्षा देऊ शकते. तीन वर्षांच्या कलमाला सहा महिने. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस त्यातून वजा होतात. बोलणी फिसकटली तर अर्जातली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. मात्र एकदा निकाल लागला की नेहमीचे अपील नाही, आणि गुन्हा शाबीत झाल्याचा शिक्का राहतोच. ज्याने काही केलेलेच नाही त्याने हा रस्ता का धरावा?

सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना आणि स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. आपल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ॲट्रॉसिटी कायद्यातील पुष्कळ गुन्ह्यांना कमाल पाचच वर्षे शिक्षा आहे. म्हणजे एरवी ते या सौद्यात बसले असते. पण केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेने हा कायदा आणि नागरी हक्क संरक्षण कायदा, दोन्ही त्यातून वगळले आहेत. गावातले पुढारी "मिटवून घ्या, कायद्यातच सोय आहे" म्हणत आले तर ही सोय त्यांच्यासाठी नाही, एवढे सांगता आले पाहिजे. सरकारी वकिलाला खटलाच मागे घ्यायचा असेल तरी कोर्टाची परवानगी लागते, आणि नव्या संहितेप्रमाणे पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्ट ती देऊ शकत नाही.

ताईंना घेऊन आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या कचेरीत गेलो. अनुसूचित जातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात. तिथल्या वकीलबाईंनी दोषारोपपत्र शांतपणे वाचले. साक्षीदार दोनच, आणि दोघेही फिर्यादीच्या घरातले. त्यांनी मुलाकडे पाहून विचारले, "तू मारलंस का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, मी सोडवायला गेलो होतो."

केस लढवायचे ठरले आहे. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे आणि ताईंनी त्या दिवसाची कामावर सुट्टी आधीच मागून ठेवली आहे.