पत्रकांची हुंडी कोण वटविणार?

निवडणुकीचा धुरळा आता खाली बसला आहे. महाराष्ट्रातील नगरपालिका व नगरपंचायती यांचे मतदान डिसेंबर २०२५ च्या २ व २० या तारखांस झाले आणि महानगरपालिकांचे १५ जानेवारी २०२६ रोजी उरकले. त्या दिवसांत दारांच्या फटींतून, वर्तमानपत्रांच्या घड्यांतून आणि चौकाचौकांतील कार्यकर्त्यांच्या हातून घरोघर जी पत्रके येऊन पडली, त्यांतील बहुतेक एव्हाना रद्दीवाल्याच्या तागडीत चढली असतील. पूर्वीच्या पत्रकांचा निदान पुड्या बांधण्यास तरी उपयोग होई; हल्लीचा कागद इतका गुळगुळीत असतो की त्यात हळदीची पुडीही नीट बांधता येत नाही! कोणी म्हणेल, पत्रकांविषयी लिहावयाचे होते तर ते मतदानापूर्वी लिहावे. आता हे वरातीमागून घोडे कशास? आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. मतदानापूर्वी पत्रक ही केवळ एक विनंती असते. उमेदवार निवडून आल्या दिवसापासून ते देणे होते. देण्याचा कागद मुदत सुरू झाल्यावर जपून ठेवावयाचा की रद्दीत घालावयाचा, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगण्याची जरूर नाही.

प्रत्येक पेठेत एक संशयी मतदार असतो. पत्रक हाती पडताच तो ते उलटेपालटे करतो, चष्मा पुसून तळची बारीक अक्षरे वाचतो, आणि “बरे आहे, पाहू” इतकेच म्हणून खिशात घालतो. असा मनुष्य कार्यकर्त्यांस आवडत नाही. त्यास कुजकट, नास्तिक, सदा तक्रारखोर अशी विशेषणे मिळतात. परंतु हाच मनुष्य सकाळी पेढीवर बसतो तेव्हा त्याच्या ह्याच गुणास आपण चोखपणा म्हणतो. अनोळखी सहीची हुंडी कोणी पुढे केली, तर रक्कम किती, हुंडी दर्शनी की मुदती, कोणावर लिहिली आहे, आणि लिहिणाऱ्याची पत काय, या चार गोष्टी पाहिल्यावाचून तो एक पैसाही मोजीत नाही. दुकानात जी सावधगिरी सद्‌गुण ठरते ती मतदानकेंद्रात दुर्गुण कशी व्हावी?

या चार कसोट्या कोणत्याही पत्रकास लावून पाहाव्या. ‘प्रभागाचा सर्वांगीण विकास’ – रक्कम किती? लिहिलेली नाही. ‘पाण्याचा प्रश्न कायमचा सोडविणार’ – मुदत कोणती? लिहिलेली नाही. ‘तरुणांच्या हातास काम देणार’ – हे देणे कोणाच्या तिजोरीवर लिहिले? तेही लिहिलेले नाही. लिहिलेले असते ते एवढेच: मध्यभागी हात जोडलेली मूर्ती, वर नेत्यांच्या छबींची रांग, खाली निशाणी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! चौथी कसोटी पतीची; तिच्याविषयी पत्रक जितके बोलके तितकेच मुके असते. उमेदवाराची मालमत्ता, त्याचे कर्ज व त्याच्यावरील खटले ही माहिती पत्रकात नसते. ती उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात असते. हे कळण्याचा मतदारास हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने संसद व विधिमंडळ यांच्या निवडणुकांसंबंधी २००२ साली ठरविले, व पुढे स्थानिक निवडणुकांतही शपथपत्राची रीत पडली. पत्रक आपल्या दारी येते. शपथपत्र पाहण्यास आपण जावे लागते. म्हणूनच पहिले सर्वांनी पाहिले व दुसरे फार थोड्यांनी.

कायद्याच्या दृष्टीने या वचनांची किंमत काय, असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. १८७२ च्या करारविषयक कायद्याचे २९ वे कलम सांगते की, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल होय. आणि ५६ वे कलम सांगते की अशक्य गोष्ट करण्याचा करार मुळातच रद्द होय. पत्रकातील आश्वासन हा कायद्याच्या अर्थाने करार नव्हे, त्यामुळे त्यावर दावा लावता येणार नाही. जाहीरनाम्यातील आश्वासने ही निवडणूक कायद्याखाली भ्रष्टाचार ठरत नाहीत, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे न्यायालयाचा दरवाजा येथे बंद आहे. पण ज्या वचनास न्यायालय हात लावीत नाही ते वचन तपासण्याचा भार नाहीसा होत नाही. तो सर्वस्वी मतदारावर येऊन पडतो. अनिश्चित वचन व अशक्य वचन यांस कायदा जे स्थान देतो तेच आपण आपल्या मनात दिले, तर निम्मी पत्रके आपोआप बाद होतील.

अशक्य वचनांचे पीक तर या खेपेस उदंड आले. नगरपालिकेने काय करावयाचे हे कोणाच्या मर्जीवर ठेवलेले नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाच्या ४९ व्या कलमात तिची आवश्यक कर्तव्ये व ऐच्छिक कर्तव्ये वेगवेगळी सांगितली आहेत. रस्त्यांवरील दिवे, झाडलोट, गटारे, पाणीपुरवठा, आग विझविणे, जन्म-मृत्यूची नोंद, स्मशानभूमी ही आवश्यक. बागा, वाचनालये इत्यादी ऐच्छिक. आता पत्रके पाहा. कोणी पोलीस चौकी आणणार, कोणी विजेचे दर उतरविणार, कोणी आगगाडीस थांबा मिळवून देणार! पोलीस राज्य सरकारचे, विजेचे दर ठरविणारा आयोग निराळा, आगगाडी केंद्र सरकारची. नगरसेवकाने या बाबतींत अर्ज-विनंत्या जरूर कराव्या, पण अर्ज करणे निराळे व आश्वासन देणे निराळे. शेजाऱ्याच्या पेढीवर आपली हुंडी लिहिणाऱ्यास बाजारात काय म्हणतात, हे वाचक जाणतातच. उलट ज्या गोष्टी खरोखर पालिकेच्या हातात आहेत, म्हणजे अमुक गल्लीचे गटार केव्हा झाकले जाईल, पाणी दिवसाआड येते ते रोज केव्हा येईल, कचऱ्याची गाडी किती वाजता येईल, त्यांविषयी नेमके वाक्य हुडकूनही सापडत नाही.

पैशाची गोष्ट तर त्याहून मौजेची. एका ओळीत घरपट्टी वाढू न देण्याचे वचन, आणि लगेच पुढच्या ओळीत नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा व चार उद्याने! जमाखर्चाची वही ज्यांनी एकदा तरी उघडली आहे त्यांना हे गणित जुळणारे नाही हे कळण्यास वेळ लागू नये. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. महानगरपालिकांतून ती टप्प्याटप्प्याने गेली, आणि मुंबईत तिचा शेवट १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा झाला. नाक्यांवरचा त्रास गेला म्हणून व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, व तो योग्यच होता. परंतु त्याबरोबर गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा एक मोठा झराही आटला, आणि त्या जागी राज्य सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे आले. तेव्हा घरपट्टी वाढविणार नाही असे म्हणणाऱ्याने कोणता खर्च कमी करणार, अथवा कोणते नवे उत्पन्न आणणार, हे सांगितलेच पाहिजे. अंदाजपत्रक काही गुप्त दप्तर नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने ते आपण होऊन प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक संस्थेवर बंधनकारक आहे. ज्या उमेदवाराने ते न वाचताच पत्रक छापले त्याने दुसऱ्याच्या वहीत डोळे मिटून जमा धरली, इतकेच.

पत्रकाच्या मागील पानावर बहुधा ‘केलेली कामे’ असतात. एकच रस्ता माजी नगरसेवकाने केला, आमदारांनी केला, आणि ‘पाठपुरावा’ मात्र नव्या उमेदवाराने केला, असे तीन पत्रकांत तीन प्रकारे छापून येते. त्या रस्त्याचे पैसे कोणत्या योजनेतून व कोणत्या अनुदानातून आले, हे मात्र तिघांपैकी कोणीही सांगत नाही. संशयी मतदाराने येथे भांडत बसू नये. कामाचा आदेश, देयकाची तारीख व ठेकेदाराचे दायित्व किती वर्षांचे, एवढे मागवावे. रस्ता कोणी केला यापेक्षा तो पहिल्या पावसात उखडला तेव्हा कोणी विचारले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करणे आम्हांस शक्य नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखून ठेविलेल्या आहेत. हा कायदा उत्तम. पण पत्रके पाहावी तर उमेदवार बाईंची छबी कोपऱ्यात, व यजमानांची अथवा सासऱ्यांची त्याहून ठळक. मजकुरात बाईंचे शिक्षण, काम वा मत यांविषयी ओळ नसते. ‘अमुकरावांचे कार्य पुढे नेण्यासाठी’ एवढीच त्यांची लायकी सांगितलेली! ज्या स्त्रिया आजवर आपल्या हिंमतीवर कारभार करून दाखवीत आल्या आहेत त्यांचा हा अपमान आहे, आणि मतदाराची फसवणूकही आहे; कारण ज्याच्या नावाने मत मागितले त्यास सभागृहात बसता येत नाही, आणि जिला बसता येते तिची ओळख करून दिलेली नाही. सहीवाला एक व जबाबदार दुसरा अशी हुंडी कोणी घेईल काय? अशा पत्रकास मतदाराने एकच उत्तर द्यावे: बाईंनी स्वतः येऊन बोलावे, आम्ही ऐकण्यास तयार आहो.

बहुसदस्यीय प्रभागांनी या घोटाळ्यात भर घातली आहे. नगरपालिकेच्या एका प्रभागात बहुधा दोन, आणि मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांत बहुधा चार सभासद. पत्रक एक, चेहरे चार, वचन सामाईक. गटार तुंबले म्हणजे पहिला दुसऱ्याकडे व दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवितो. सामाईक विहिरीचा गाळ कोणीच काढीत नाही, हा गावचा जुना अनुभव आहे.

इतके वाचून कोणी म्हणेल, “मग मत द्यावेच कशाला? सगळेच सारखे.” हा तर्क आम्हांस मुळीच मान्य नाही. सगळे सारखे नसतात. आणि क्षणभर सारखे धरले तरी नगरसेवक नसण्यापेक्षा असणे बरे, याचा धडा आपण नुकताच घेतला आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातील इतर अनेक पालिकांचीही त्याच सुमारास किंवा त्यापूर्वीच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटनेचे २४३–यू हे कलम सांगत असताही, आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादांत वर्षांमागून वर्षे गेली आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा हुकूम द्यावा लागला. त्या काळात दारी खोटे पत्रक आले नाही हे खरे. पण नळास पाणी नाही म्हणून ज्याच्या दारी जावे असा माणूसही नव्हता. खोटे वचन देणाऱ्यास निदान पुन्हा मते मागावयास यावे लागते. प्रशासकास ते कारणच पडत नाही. ज्यांना कोणीच उमेदवार पटत नाही त्यांच्यासाठी ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण आहे, आणि त्यास सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला आहे. म्हणजे नकार देण्यासाठीही घराबाहेर पडणे अवश्य आहे.

संशय हा आळसाचा साथीदार झाला तर निरुपयोगी. तो चौकशीस प्रवृत्त झाला तरच त्याची किंमत. लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्याचा मुख्य हेतू कारभाराची सुधारणा हा न सांगता लोकांचे राजकीय शिक्षण हा सांगितला होता. परक्या सरकारच्या त्या ठरावात आम्हांस दोष पुष्कळ दिसतात, पण एवढे वाक्य खरे होते. आणि तसे शिक्षण झालेल्या सभासदाचा दाखला पुण्यात त्याहीपूर्वीचा आहे. व्हाइसरॉय लिटन पुण्यास यावयाचे होते तेव्हा त्यांच्या स्वागतार्थ नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला. महात्मा जोतीराव फुले हे त्या वेळी सरकारनियुक्त सभासद होते. तरीही लोकांचा पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लागावा म्हणून त्यांनी त्या खर्चास विरोध केला, आणि विरोधी मत देणारे ते एकटेच होते. त्या मतासाठी त्यांना पत्रक छापावे लागले नव्हते. सभासदाची परीक्षा सभागृहात एका एका खर्चाच्या मंजुरीच्या वेळी होते. छापखान्यात होत नाही.

तेव्हा वाचकांस आमची सूचना अगदी साधी आहे. निवडून आलेल्या उमेदवाराचे पत्रक सापडल्यास घरपट्टीच्या पावतीबरोबर दप्तरात ठेवावे. गेले असल्यास शेजाऱ्याकडून मिळवावे. त्यातील जी वचने पालिकेच्या अधिकारातील आहेत त्यांखाली तांबड्या शाईने रेघ ओढावी व बाकीची सोडून द्यावी. प्रत्येक पेठेतील व्यापाऱ्यांच्या मंडळाने अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या प्रभागाच्या सभासदांस, चारही असले तर चारांसही, एकत्र बोलावून रेघ ओढलेली वाक्ये मोठ्याने वाचावी आणि विचारावे: यास रक्कम किती धरली? काम केव्हा होईल? मिळालेले उत्तर लिहून घ्यावे व त्याखाली सही मागावी. सभासद प्रामाणिक असेल तर त्यास याचा राग येणार नाही. उलट अधिकाऱ्यांशी झगडताना त्याच्या हातात एक शस्त्र येईल. राग आलाच, तर चौथ्या कसोटीचे, म्हणजे पतीचे, उत्तर फुकटच मिळाले असे समजावे.

नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आहे. पाच वर्षांनी पुन्हा दार वाजेल, पुन्हा गुळगुळीत कागद हाती पडेल. त्या वेळी दारात उभ्या राहिलेल्या गृहस्थापुढे मतदाराने आपले जुने दप्तर उघडावे व म्हणावे, “नवी हुंडी मागाहून पाहू, आधी ही जुनी वटवा.” हे वाक्य ज्या गावातील शंभर घरांतून ऐकू येईल, त्या गावात पुढच्या खेपेस पत्रके कमी छापली जातील, आणि जी छापली जातील त्यांत रक्कम व मुदत लिहिलेली असेल.