रुग्णाची भाषा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरसारख्या वस्तीत दवाखान्याबाहेर बसलेल्या रुग्णांच्या बोलण्यात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा कानी पडतात. या सर्व भाषा एकाच डॉक्टरला अवगत असणे कठीण. मग सोबत आलेला मुलगा किंवा शेजारी दुभाष्याचे काम करतो. ताप-खोकल्यापुरते हे निभावून जाते. परंतु अंगावरून पांढरे जाते, ही तक्रार कोणती आई मुलाच्या तोंडून डॉक्टरला कळवील? ती गप्प राहते आणि दुखणे तसेच वाढत जाते.

कधी रुग्णाचे आप्त बोलतात, पण अर्थ भलताच घेतला जातो. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका अठरा वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. त्याच्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबीयांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. क्यूबातील लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, असा होतो. डॉक्टरांनी इंग्रजी शब्दाशी असलेल्या साम्यावरून अमली पदार्थाच्या अतिसेवनाचे निदान केले. मेंदूत झालेला रक्तस्राव वेळीच लक्षात आला नाही आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. एकमेकांचे बोलणे आपल्याला समजले, अशी दोन्ही पक्षांची खात्री होती. म्हणूनच दुभाष्याची गरज कोणाला भासली नाही.

शब्दांचा अर्थ लागला, तरी सारे अंतर मिटते असे नाही. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची त्यांना भीती वाटे. पांढरे कपडे घातलेले डॉक्टर व परिचारिका पाहून प्रेतावरील पांढऱ्या वस्त्राची आठवण होई. शिवाय तेथे त्यांचा देव नसे. तेव्हा नातेवाइकांसह राहता येईल अशा झोपड्यांचे रुग्णालय उभारण्यात आले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले.

उपकरणेही लोकांना पेलतील अशी केली गेली. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बालकाचे मिनिटाभरातील श्वास मोजावे लागतात. पण गावातील निरक्षर सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी बसविलेले साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवावयाचा. दोन महिन्यांहून मोठ्या बालकासाठी चार हिरवे मणी आणि पाचवा तांबडा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजावयाचा. त्याहून लहान अर्भकासाठी हिरवे मणी पाच असत. गावपातळीवर न्यूमोनियाचे निदान व उपचार करण्याच्या गडचिरोलीतील प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगातील गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले.

जे. पी. नगरमधील आईची गरज याहून लहान आहे. तिची भाषा जाणणारी एखादी परिचारिका, बोलण्यासाठी थोडा आडोसा आणि मुलाला काही वेळ बाहेर बसण्याची सूचना, इतक्यानेही ती आपले दुखणे सांगू शकेल.