मांडवाची युक्ती आणि बाल्कनीतील जाई

शहरातील सदनिकांच्या बाल्कन्यांत लावलेली जाई दोन-तीन वर्षे पानांनी भरगच्च राहते, गजांवरून वरच्या मजल्यापर्यंत पोहोचते आणि तरीही फुलत नाही, ही बागप्रेमींची जुनी तक्रार आहे. तिच्यावर सुचवले जाणारे उपाय बहुधा खताचे असतात. शेणखत वाढवले जाते, नीमपेंड घातली जाते, एखादे द्रवखत फवारले जाते, आणि नत्र मिळाल्यामुळे वेल अधिकच हिरवी होऊन फुलांपासून आणखी दूर जाते. वाड्यांच्या परसात हीच जाई फारशा खतावाचून फुलत असे, कारण तिथे तिला मांडव होता. आणि मांडव हा जितका सावलीसाठी होता तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेलीला फुलवण्याचा उपाय होता, ही गोष्ट मांडव गेल्यानंतर विस्मरणात गेली.

वेल ही वनस्पतींमधील काटकसरी जात आहे. वृक्ष आपल्या वाढीचा मोठा वाटा खोड उभारण्यात खर्च करतो, तर वेल तो खर्च टाळून दुसऱ्याच्या आधाराने प्रकाशापर्यंत पोहोचते. जंगलात तिचे पहिले आयुष्य झाडांच्या सावलीत, केवळ लांबी वाढवण्यात जाते. शेंडा उजेडात आल्यावरच ती फांद्या फोडते आणि फुलते. सावलीच्या बाल्कनीत ठेवलेल्या वेलीच्या दृष्टीने हा चढ अद्याप संपलेला नसतो, म्हणून ती चढत राहते, आणि तळमजल्यावर लावलेल्या जाईची फुले तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला मिळतात, हा सोसायट्यांमधील परिचित अन्यायही त्यातूनच घडतो.

वेली नेमक्या कशा चढतात याचा सविस्तर अभ्यास चार्ल्स डार्विनने केला आणि १८६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. १८७५ मध्ये त्याचे सुधारलेले पुस्तक निघाले. आजारपणात खोलीत पडून राहावे लागले असता त्याने हॉपच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, वेलीचे कुंडीतील रोप जवळ ठेवून घेतले आणि तिचा शेंडा हवेत वर्तुळे काढत आधार शोधतो, उष्ण दिवसांत अशा एका फेऱ्याला सरासरी २ तास ८ मिनिटे लागतात, असे मोजले. डार्विनने वेलींचे जे वर्ग पाडले ते आजही उपयोगी आहेत: खोडानेच आधाराला वेढे घालणाऱ्या, पानांच्या देठांनी किंवा तणाव्यांनी पकडणाऱ्या, आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या. तणावा म्हणजे काकडीच्या किंवा कृष्णकमळाच्या वेलीला असते तशी, पकड घेतल्यावर मळसूत्रासारखी आटणारी बारीक तंतूसारखी शाखा. बाल्कनीतील आधार या वर्गांप्रमाणे बदलावा लागतो, कारण वेढे घालणाऱ्या वेलीला जाड खांब कवेत घेता येत नाही, तिला काथ्याची दोरी किंवा बांबूची काठी लागते. तणाव्यांना बारीक जाळी पुरते. आणि जाईसारख्या वेली तर अर्धवट झुडपी असल्याने त्यांची स्वतःची पकड फारशी नसते, त्या जवळच्या फांद्यांवर रेलत जातात आणि माणसाने त्यांना बांधावे लागते.

मांडवाचे महत्त्व इथे येते. उभ्या वाढणाऱ्या फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक, म्हणजे वाढीचे नियमन करणारे द्रव्य, तयार होऊन खाली झिरपते आणि पानांच्या बेचक्यातील डोळ्यांना दाबून ठेवते. याला शेंड्याचे वर्चस्व म्हणतात. फांदी आडवी केली की हे वर्चस्व ढिले पडते, डोळे फुटतात आणि जवळजवळ प्रत्येक पेरातून बाजूची फांदी निघते. जाईजुईची फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे जितके फुटवे तितके झुबके. वेल चार खांबांवरून उभी चढवून वर बांबूंच्या चौकटीवर आडवी पसरायची, या परसातल्या साध्या रीतीत हे सारे आपोआप साधले जाई; शिवाय वर पूर्ण ऊन आणि खाली तोडणीला सोपी उंची मिळे. ज्यांनी मांडव घातले त्यांना ऑक्सिन माहीत नव्हते, पण आडव्या वेलीला फूल अधिक येते हे निश्चित माहीत होते.

बाल्कनीत मांडव शक्य नसला तरी त्याचे तत्त्व शक्य आहे. कठड्याच्या किंवा खिडकीच्या जाळीवर वेल सरळ वर जाऊ न देता तीन-चार मुख्य फांद्या निवडून त्या पंख्यासारख्या पसराव्यात आणि शक्य तितक्या आडव्या करून सुतळीच्या सैल फासाने बांधाव्यात. कठड्याच्या एका टोकाला पोहोचलेली फांदी वर न नेता पुन्हा उलट दिशेने वळवावी. फांदी कोवळी असतानाच हे करावे लागते, कारण लाकूड धरल्यावर ती वाकत नाही, तडकते. गजांना आपोआप गुंडाळू दिलेली वेल मात्र पुढे रंग लावताना किंवा जाळी बदलताना कापूनच काढावी लागते.

जाई आणि जुई या नावांची जोडी मराठीत इतकी पक्की झाली आहे की रोपवाटिकांतही एकीच्या जागी दुसरी दिली जाते, परंतु पान पाहिले तर घोटाळा होण्याचे कारण नाही. जाईचे, म्हणजे हिंदीभाषक चमेली म्हणतात त्या जास्मिनम ग्रँडिफ्लोरमचे, पान संयुक्त असते, एका देठावर साधारणतः पाच ते नऊ पर्णिका समोरासमोर बसतात आणि कळीच्या बाहेरच्या बाजूला गुलाबी छटा असते. जुईचे पान एकेरी, लहान आणि मऊ, पण त्याच्या बुडाशी दोन इवल्या पर्णिका कानांच्या पाळ्यांसारख्या चिकटलेल्या असतात. तिच्या शास्त्रीय नावातील ऑरिक्युलेटम या विशेषणाचा अर्थ कान असलेली असाच आहे. याच गोतातील कुसर सह्याद्रीत रानटी वाढते आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंत घाटवाटांवर तिच्या अरुंद, अनेक पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचा वास येतो, परंतु ती कुंडीत कोंडण्यासारखी वेल नव्हे.

जाईचा खरा हंगाम पावसाळा. गोव्यातील म्हार्दोळच्या महालसा नारायणी देवस्थानात ऑगस्टच्या सुमारास होणारी जायांची पूजा हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणता येईल; देवळाच्या परिसरात जायांचे मळे राखणारा फुलकार समाज त्या दिवशी देवीला जायांच्या माळांनी मढवतो. मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात असतो, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर असा सलग सुगंध हवा असेल तर मोगरा, जुई आणि जाई या तिन्हींना जागा द्यावी लागते.

मोगऱ्याला वेल म्हणावे की झुडूप, हा वाद तसा निरर्थक आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याला पारिजातकाच्या निक्टॅन्थिस या प्रजातीत टाकले होते, तिथून १७८९ मध्ये विल्यम एटनने त्याला जास्मिनममध्ये आणले. ज्ञानेश्वरांच्या नावावरील प्रसिद्ध विराणीत दारी लावलेल्या मोगऱ्याचा वेलू होतो, हे अनेक वाचकांना काव्यातील अतिशयोक्ती वाटते. प्रत्यक्षात पातळ पाकळ्यांचा एकेरी मोगरा आधार मिळाला की लांब फांद्या टाकत वर चढतो, आणि गुबगुबीत बटमोगरा मात्र बुटका राहतो. विराणीतील निरीक्षण वनस्पतिशास्त्राशी सुसंगत आहे.

मधुमालती ही बाल्कनीत सर्वाधिक लावली जाणारी आणि तिथे सर्वांत कमी शोभणारी वेल होय. तिचे चढण्याचे तंत्र पाहण्यासारखे आहे: पान गळते, पण देठाचा खालचा भाग फांदीवरच राहून कडक होतो आणि वाकड्या काट्याचे काम करतो, जुन्या फांदीवरून बोट उलटे फिरवले की तो लगेच जाणवतो. फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होते. पांढऱ्या अवस्थेत लांब सोंडेचे निशाचर पतंग येतात आणि रंग चढल्यावर मधमाश्यांसारखे दिवसाचे पाहुणे. एकाच झुबक्यात तीन रंग दिसतात ते यामुळे. पण तिचा विस्तार कुंपणाच्या भिंतीचा किंवा फाटकावरच्या कमानीचा आहे, कुंडीचा नाही.

हिरवा चाफा हा चाफा नसून सीताफळाच्या कुळातील चढता झुडूपवेल आहे. त्याच्या फुलाचा देठच आकडा होतो, शेजारच्या फांदीत अडकतो आणि अडकल्यावर जाड व कठीण होतो. कोवळी फुले पानांच्याच रंगाची असल्याने दिसत नाहीत. ती पिवळी पडू लागली की पिकल्या फळासारखा वास सुटतो आणि मग शोध सुरू होतो. माधवीलता, जिला संस्कृत साहित्य अतिमुक्त म्हणते, तीही आकारमानाने मोठी. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात आम्रवृक्षाविना तिला कोण पेलणार, अशा आशयाचे वाक्य शकुंतलेच्या सखीच्या तोंडी आहे. आंब्याचे मत कोणी विचारलेले दिसत नाही. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर ही वेल झाडांना झाकून मारते आणि जगातील सर्वांत उपद्रवी १०० आगंतुक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे. लहान जागेसाठी त्यापेक्षा चांदवेल बरी. तिची पीळदार कळी दिवेलागणीला काही मिनिटांत, डोळ्यांदेखत उलगडते आणि सकाळी फूल मिटते. ती वेढे घालणारी असल्याने डार्विनचा प्रयोगही तिच्यावर करता येतो. शेंड्याची जागा भिंतीवर पेन्सिलीने दर अर्ध्या तासाने खुणावली की त्याचा फेरा लक्षात येतो.

या वेलींपैकी बहुतेकींचा गंध सायंकाळी सुटतो तो पतंगांसाठी. काळोखात रंग कामाचे नसतात, म्हणून फुले पांढरी, मध लांब नळीच्या तळाशी आणि बोलावणे वासाचे. जाईच्या गंधात बेंझिल अॅसिटेट आणि लिनालूल ही गोड-ताजी द्रव्ये असतात, त्यांच्या जोडीला थोडे इंडोल असते. इंडोल विष्ठेतही सापडते. अल्प प्रमाणात ते फुलाला खोली देते, मात्र बंद खोलीत जाईचा गजरा काहींना डोके जड करणारा वाटतो त्यात त्याचा हात असावा. खुडल्यानंतरही जाई काही तास गंध निर्माण करत राहते, आणि उष्णतेने तो बिघडतो. त्यामुळेच जौनपूर-गाझीपूरकडील तेलीवर्गाने तीळ आणि फुले यांचे थर देऊन, फुले पुनःपुन्हा बदलून, मग तीळ गाळून फुलेल तेल काढण्याची रीत बसवली आणि फ्रान्समधील ग्रास येथे तेच काम चरबीच्या थरावर केले गेले. जाईच्याच तेलातून १९६२ मध्ये मिथाइल जॅस्मोनेट वेगळे केले गेले. अत्तराचा घटक म्हणून सापडलेले हे द्रव्य वनस्पतींच्या संरक्षणयंत्रणेतील संदेशवाहक आहे, हे पुढे उघड झाले; १९९० मधील प्रयोगात एका झुडपातून हवेत सुटलेल्या या द्रव्याने शेजारच्या टोमॅटोच्या पानांत किडींना रोखणारी प्रथिने तयार झाली.

गंधाच्या दृष्टीने पाहता उंच मजल्यावरची बाल्कनी गैरसोयीची असते, कारण वाऱ्याने वास टिकत नाही आणि कोवळे शेंडेही सुकतात; तिथे वेल भिंतीच्या आडोशाला घ्यावी. जाईजुईला रोज चार-पाच तासांचे थेट ऊन अनिवार्य आहे, आणि उत्तरेकडील बाल्कनीत ते मिळत नसेल तर खत घालून उपयोग नाही. कुंडी मोठी हवी, पण वजनाचा विचार करूनच. ४० लिटर ओली माती साधारण ६० किलो भरते, म्हणून कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून ती हलकी करावी आणि कुंड्या बाहेर काढलेल्या स्लॅबच्या टोकाला न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजावी, जी क्षारयुक्त पाण्याने वाढते. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा फवारल्याने ती भरून निघते. कळ्या जांभळट होऊन गळत असतील तर आत कळी पोखरणारी अळी असते, अशा कळ्या वेचून नष्ट कराव्यात.

छाटणीविषयी घरोघरी जी भीती असते ती सर्वांत महागात पडते. दक्षिणेतील व्यापारी मळ्यांमध्ये मोगरा नोव्हेंबरच्या अखेरीस, जाई डिसेंबरच्या अखेरीस आणि जुई जानेवारीच्या अखेरीस गुडघ्याच्या आसपास उंचीवर निष्ठुरपणे छाटतात, त्याआधी पाणी तोडून वेलीला ताण देतात आणि छाटणीनंतर खत-पाणी सुरू करतात. बाल्कनीत आडव्या बांधलेल्या मुख्य फांद्या राखून त्यांवरचे बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणले तरी पुरते. दर दोन-तीन वर्षांनी याच वेळी कुंडी उलटून मुळांचा बाहेरचा गुंता कापावा आणि माती बदलावी.

नवे रोप करण्यासाठी छाटणीच्या काड्यांपेक्षा पावसाळ्यातील दाब कलम खात्रीचे. जूनमध्ये एक खालची फांदी शेजारच्या लहान कुंडीत वाकवून, पेराखाली हलकी चीर देऊन मातीत दाबली आणि वर दगड ठेवला की तीन ते चार महिन्यांत मुळे सुटतात आणि दिवाळीच्या सुमारास ती मूळ वेलीपासून तोडता येते. पहिल्या हिवाळ्यात तिची जोरकस छाटणी न करता शेंडे तेवढे खुडावेत. पुढच्या पावसाळ्यात ती थोडी फुले देते आणि दुसऱ्या छाटणीनंतर पूर्ण बहर धरते.