उदगीरचा शूर, पानिपतचा हट्टी

मुडबीहून उत्तरेकडे, भालकीच्या पलीकडे उदगीरचा किल्ला आहे. त्या परिसरात ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेस नमविले. तहात दौलताबाद, असीरगड, विजापूर यांसह सुमारे ६० लाखांचा मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला व भाऊंचा जयजयकार झाला. वर्ष उलटण्यापूर्वीच, १४ जानेवारी १७६१ रोजी, तेच भाऊ अहमदशहा अब्दालीपुढे हरले. आणि ‘पानिपत होणे’ हा सर्वनाशाचा वाक्प्रचार होऊन बसला.

वाचकहो, सेनापती तोच, तोफांवरील भिस्त तीच आणि तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदीही तोच. मग उदगीरला ज्यास आपण निर्धार म्हणतो, त्यासच पानिपतावर हट्ट का म्हणावे?

भाऊंच्या हातून चुका घडल्या, हे खरेच. फौजेबरोबर बायकामुले व यात्रेकरू यांचा मोठा जमाव होता. ऑक्टोबरात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला. दिल्लीची वाट तुटली आणि छावणीत उपासमार सुरू झाली. तरीही लढाईच्या दिवशी गारद्यांच्या माऱ्याने रोहिल्यांची दाणादाण उडाली होती. दुपारी विश्वासरावांस गोळी लागली आणि फौजेचा धीर सुटला. ती गोळी हुकती तर काय घडते, हे कोणी सांगावे? परंतु जय मिळता, तर याच चुकांची आज कोणी आठवणही काढली नसती.

उदगीरलाही दैवाचा हात होताच. इब्राहिमखान पूर्वी निजामाच्याच पदरी होता. तो तेथून सुटला म्हणून भाऊंना लाभला. पण विजयाच्या नगाऱ्यात असे हिशेब कोणी मांडीत नाही. पराभव चुका उघड्या करतो. विजय त्या झाकून पुढच्या रणांगणावर पाठवितो.

पाऊस वेळेवर पडला की पेरणारा शहाणा, ओढ दिली की तोच उतावळा, असे आपणही चावडीवर म्हणतोच. परंतु युद्धात पणाला लागतात ती माणसे. पानिपतानंतर छावणीतील कित्येक निरपराधांची कत्तल झाली. बायकामुले गुलाम म्हणून नेली गेली. लढाईचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता.

म्हणून कोणत्याही युद्धाचा न्याय करताना कोण जिंकले एवढेच विचारू नये. त्या दिवशी सेनापतीस काय ठाऊक होते, कोणाचे ऐकले, आणि कोणाचे प्राण पणास लावले, हेही विचारावे. जय झाला असेल, तेव्हा तर अधिकच कसून विचारावे.