इंग्रजीच्या पदवीचा ताळेबंद

बारावीचा निकाल लागला की लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत भावाबरोबर गुणांचीही चर्चा सुरू होते. यंदा अशाच एका सायंकाळी भुसार व्यापारातील एका जुन्या मित्राच्या पेढीवर बसलो होतो. त्यांच्या कन्येने इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करण्याचा हट्ट धरला होता. पुण्यातील एका खाजगी विद्यापीठात प्रवेश मिळत होता. शुल्क व वसतिगृह मिळून वर्षाला दोन लाख रुपये. मित्र म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत आयुष्य काढले. तीन वर्षे इंग्रजी शिकून पदरात काय पडणार, तेवढा हिशेब मांडून द्या. कर्ज काढायला मी तयार आहे, पण माल कोणता घेतोय ते तरी कळू द्या."

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्तही होता. म्हणून पाठकोऱ्या कागदावर आम्ही प्रथम नावेची बाजू मांडली.

दरवर्षी दोन लाख याप्रमाणे सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज, व्याजदर दहा टक्के धरू. अभ्यासक्रमाची तीन वर्षे आणि पुढील एक वर्ष हप्ता नसतो; परंतु व्याजाचे चाक थांबत नाही. साध्या व्याजाने या काळात १,८०,००० रुपये चढतात. म्हणजे परतफेडीच्या पहिल्या दिवशी कर्ज ७,८०,००० रुपयांचे. ते सात वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १२,९५० रुपये येतो आणि एकूण भरणा पावणेअकरा लाखांच्या पुढे जातो. जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट मिळते हे खरे, पण ज्याला कर लागतो त्यालाच तिचा उपयोग. घरची मुदत ठेव मोडली तरी बुडालेले व्याज हा खर्चच होय; तो वहीत दिसत नाही इतकेच.

आता जमेची बाजू. केवळ बी.ए. इंग्रजी या पदवीला बाजारात ठरलेला भाव नाही. तिला दुसरी जोड द्यावी लागते. माध्यमिक शिक्षक व्हायचे तर दोन वर्षांचे बी.एड., मग अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरील भरती. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधन १८,००० रुपये. त्यातून १२,९५० रुपयांचा हप्ता गेला तर हाती उरतात ५,०५०! महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे; पण त्यासाठी एम.ए., नेट किंवा सेट, आणि त्याहून दुर्मिळ अशी रिक्त जागा हवी. तोवर अनेकजण तासिका तत्त्वावर वर्षे काढतात. बँकेच्या अधिकारी परीक्षेस कोणतीही पदवी चालते. तेथे इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो, मुख्य परीक्षेत वर्णनात्मक इंग्रजी लेखनही असते. तेवढा लाभ या विद्यार्थ्यांना निश्चित मिळतो. मात्र अंकगणित आणि तर्क यांची तयारी वेगळी करावी लागते.

मित्रांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे घाट्याचा सौदा."

मी म्हणालो, "भाऊ, घाट्याचा सौदा पदवीचा नाही, खरेदीच्या भावाचा आहे."

येथे आपल्या घराघरांतील एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजीची पदवी म्हणजे फाडफाड इंग्रजी बोलण्याचा वर्ग नव्हे. त्या अभ्यासक्रमात काव्य, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि भाषाशास्त्र असते. बोलणे सहा महिन्यांच्या सरावाने सुधारते. तीन वर्षांत कमवायचे असते ते बारकाईने वाचण्याचे आणि नेमके लिहिण्याचे सामर्थ्य.

त्या सामर्थ्याचे मोल मी बँकेच्या टेबलावर पाहिले आहे. एका निर्यातदाराच्या बीजकावरील मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळत नव्हते. माल उत्तम होता, जहाज वेळेवर सुटले होते. पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक माल पाहत नाही, कागद पाहते. दुरुस्त बीजक येईपर्यंत पैसे अडकले आणि तेवढ्या दिवसांचे व्याज व्यापाऱ्याने सोसले. त्याहून अधिक मनाला लागलेले दृश्य वेगळे आहे. कर्जाचा इंग्रजी करारनामा समोर ठेवला की जामीनदार म्हणून आलेल्या घरच्या स्त्रिया एवढेच विचारीत, "सही कुठे करायची?" त्या सहीने राहते घर गहाण पडत असे. मीही बोट ठेवून जागा दाखवीत असे. समोरची रांग मोठी होती, हे कारण आज मला पुरेसे वाटत नाही.

हे सारे ऐकत दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "काका, मला शिक्षिकाच व्हायचे आहे. पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही."

मग दुसरा हिशेब मांडला. छत्रपती संभाजीनगर येथील अनुदानित महाविद्यालय, घरून रेल्वेने ये-जा. शुल्क, पास, पुस्तके व किरकोळ खर्च मिळून वर्षाला ३०,००० रुपये धरले तरी तीन वर्षांचे ९०,०००. कर्ज नाही, हप्ता नाही. सहा लाखांतले पाच लाख दहा हजार शिल्लक. त्यातून पुढे बी.एड. सहज निघेल. पदवी तीच, आणि पहिला पगार पूर्ण तिच्या हाती.

मित्रांची शेवटची शंका स्थळाविषयी होती. "लग्न ठरले की नोकरी करीलच असे नाही. मग हे नव्वद हजार?" मी त्यांना त्यांच्याच दुकानाच्या अग्निविम्याची आठवण दिली. आग लागली नाही म्हणून हप्ता वाया गेला असे आपण म्हणत नाही. मुलीचे शिक्षण बायोडाटाच्या एका ओळीसाठी नसते. उद्या घरावर प्रसंग आला तर समोरचा कागद स्वतः वाचून "हे मला मान्य नाही" म्हणता यावे, हाही परतावाच आहे. फक्त तो टक्क्यांत मांडता येत नाही.

सुज्ञ वाचकहो, ज्या घरांत हा प्रश्न उभा असेल त्यांनी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. पदवीनंतरची जोड कोणती, हे प्रवेशापूर्वी ठरवावे. भावी पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून मोठा हप्ता येईल एवढे कर्ज या पदवीसाठी काढू नये. आणि हिशेब करताना ज्याचे शिक्षण आहे त्याला पेढीवर बसवून घ्यावे, दाराशी उभे ठेवू नये.

मित्रांची कन्या सध्या रोज सकाळी स्टेशनवर असते. मागील आठवड्यात मित्र बँकेचा एक कागद घेऊन माझ्याकडे निघाले होते; वाटेतूनच परत फिरले. म्हणाले, "तिने वाचून सांगितला."