अजाईल प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे प्रमाणपत्र : पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्या आणि आयटी क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या उमेदवारांना 'स्क्रम मास्टर व्हा, मोठा पगार मिळवा' अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. ही प्रमाणपत्रे खरी आहेत आणि कंपन्या त्यांची दखलही घेतात. मात्र प्रत्येक प्रमाणपत्र प्रत्येकासाठी नसते. चुकीचे निवडले तर घरच्यांनी जमवलेले पैसे खर्च होतात आणि मुलाखतीचा फोन येत नाही. कोणते प्रमाणपत्र कोणासाठी आहे, त्याचा खर्च कसा येतो आणि शासकीय मंचांवरून कमी खर्चात सुरुवात कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• प्रमाणपत्र अनुभवाला जोड देते, त्याची जागा घेत नाही.
• पहिली नोकरी शोधत असाल तर आधी मोफत शिका. परदेशी परीक्षेचे शुल्क नंतर भरा.
• सीएसएम, पीएसएम, सीएपीएम ही प्रमाणपत्रे खासगी आंतरराष्ट्रीय संस्था देतात. शासकीय योजनेचे लाभार्थी असल्यामुळे त्यांचे शुल्क आपोआप माफ होत नाही.
• कोणतेही प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही. तशी हमी देणाऱ्यापासून सावध राहा.

अजाईल म्हणजे काय?

अजाईल ही काम करण्याची एक पद्धत आहे. समजा, एका सहकारी बँकेला मोबाइल ॲप हवे आहे. जुन्या पद्धतीत सर्व मागण्या आधी लिहून घेतात, वर्षभर काम चालते आणि शेवटी ॲप ग्राहकांपुढे येते. तेव्हा कळते की ग्राहकांना सर्वांत आधी फक्त खात्यातील शिल्लक पाहण्याची सोय हवी होती. अजाईल पद्धतीत तेवढीच सोय दोन-तीन आठवड्यांत तयार करून वापरायला देतात, लोकांचे म्हणणे ऐकतात आणि मग पुढचा भाग हाती घेतात.

या पद्धतीचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी मिळून लिहिला. त्यात ४ मूल्ये आणि १२ तत्त्वे आहेत. स्क्रम ही अजाईलमधील सर्वांत जास्त वापरली जाणारी चौकट आहे. तिच्यात काम छोट्या टप्प्यांत होते. प्रत्येक टप्प्याला स्प्रिंट म्हणतात आणि तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. काय आधी करायचे हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो, डेव्हलपर काम पूर्ण करतात आणि स्क्रम मास्टर अडथळे दूर करून चौकट नीट पाळली जाईल हे पाहतो. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेली 'स्क्रम गाइड' ही अधिकृत पुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते. तिची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची आहे. पुस्तिका छोटी असून एका दिवसात वाचून होते.

प्रमुख प्रमाणपत्रे कोणती?

१. पीएसएम-१ (स्क्रम डॉट ऑर्ग)
कोणताही वर्ग लावण्याची सक्ती नाही. घरी अभ्यास करून ऑनलाइन परीक्षा देता येते. ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के गुण लागतात. शुल्क सुमारे २०० डॉलर आहे. नापास झाल्यास पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागते. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, म्हणून नूतनीकरणाचा खर्च नाही.

२. सीएसएम (स्क्रम अलायन्स)
मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा साधारण दोन दिवसांचा वर्ग सक्तीचा आहे. परीक्षेत ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात, त्यांपैकी ३७ बरोबर यावे लागतात. परीक्षेच्या सुरुवातीच्या दोन संधी वर्गाच्या शुल्कातच येतात. वर्गाचे शुल्क बहुतेक ठिकाणी पाच आकडी रुपयांत असते. शिवाय दर दोन वर्षांनी १०० डॉलर भरून आणि शिक्षणाचे ठरावीक तास दाखवून नूतनीकरण करावे लागते.

३. सीएपीएम (पीएमआय)
प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. बारावी किंवा समकक्ष शिक्षण आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे २३ तासांचे प्रशिक्षण लागते. कामाचा अनुभव लागत नाही. परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तासांची असते. तिच्यात पारंपरिक पद्धतीबरोबर अजाईलचाही भाग आहे. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

४. पीएमपी आणि पीएमआय-एसीपी
ही अनुभवी लोकांसाठी आहेत. अर्ज करतानाच काही वर्षांच्या प्रत्यक्ष प्रकल्पकामाचा अनुभव दाखवावा लागतो. नुकतेच शिक्षण पूर्ण केलेल्यांनी यांच्या तयारी वर्गांवर आता खर्च करू नये.

शुल्क डॉलरमध्ये असल्यामुळे रुपयातील रक्कम विनिमय दराप्रमाणे बदलते, त्यावर कर आणि बँकेचे शुल्कही लागू शकते. पैसे भरण्याच्या दिवशी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरील रक्कम पाहा.

आपल्या स्थितीनुसार निवड कशी करावी?

पदवी किंवा पदविका झाली आहे, अनुभव नाही : स्क्रम मास्टर हे सहसा पहिल्या नोकरीचे पद नसते. टीमला सांभाळण्याआधी टीममध्ये काम केलेले असावे, अशी कंपन्यांची अपेक्षा असते. म्हणून ज्युनियर टेस्टर, ट्रेनी डेव्हलपर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर अशा पदांसाठी प्रयत्न करा. मूळ कौशल्य आधी शिका आणि अजाईलची ओळख त्याला जोडा. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर व्हायचे असेल तर सीएपीएमचा विचार करता येईल.

एक-दोन वर्षे आयटी टीममध्ये काम केले आहे : पीएसएम-१ किंवा सीएसएम यांपैकी एक पुरेसे आहे. स्वतः अभ्यास करण्याची सवय असेल तर पीएसएम-१ स्वस्त पडते. वर्गात चर्चा करून शिकणे सोपे वाटत असेल आणि कंपनी शुल्क देत असेल तर सीएसएम घ्या. दोन्ही घेण्याने पगार दुप्पट होत नाही.

दुसऱ्या क्षेत्रातून आयटीकडे यायचे आहे : बँक, विमा, रुग्णालय, कारखाना किंवा कॉल सेंटरमधील आपला अनुभव हीच आपली मोठी बाजू आहे. त्याच क्षेत्राचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये बिझनेस ॲनालिस्ट किंवा सपोर्टची कामे शोधा.

निवड पक्की करण्याआधी एक सोपा हिशेब करा. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, इंदूर किंवा आपल्याला जिथे काम करायचे आहे त्या शहरातील, आपल्याला हव्या त्या पदाच्या २० जाहिराती वहीत उतरवा. प्रत्येकीत कोणते प्रमाणपत्र मागितले आहे आणि किती वर्षांचा अनुभव हवा आहे, ते लिहा. बहुतेक जाहिरातींत तीन वर्षांपेक्षा जास्त अनुभव मागितलेला दिसला, तर आजची गरज अनुभवाची आहे.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी सूचना

या परीक्षांची तयारी इंग्रजीतून करावी लागते. पीएसएम-१ मध्ये एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात, तर सीएसएम आणि सीएपीएममध्ये प्रत्येकी सुमारे ७२ सेकंद. विषय समजलेला असूनही वाचन हळू असल्यामुळे गुण जाऊ शकतात. स्क्रम डॉट ऑर्गवर 'स्क्रम ओपन' ही ३० प्रश्नांची सराव चाचणी मोफत आहे आणि ती कितीही वेळा देता येते. वेळेत आणि सलग काही वेळा ९५ टक्क्यांहून अधिक गुण मिळेपर्यंत शुल्क भरू नका.

शासकीय मंचांवरून सुरुवात

• स्वयं आणि एनपीटीईएल : आयआयटीसारख्या संस्थांचे प्रोजेक्ट मॅनेजमेंट, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग अशा विषयांचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षा शुल्क भरावे लागते. एनपीटीईएलचे हे शुल्क प्रति अभ्यासक्रम १,००० रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना सवलत मिळते, त्यासाठी वैध प्रमाणपत्र जोडावे. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.
• स्किल इंडिया डिजिटल हब : आधार आणि मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून ऑनलाइन अभ्यासक्रम, जवळची प्रशिक्षण केंद्रे आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे अभ्यासक्रम शोधता येतात. या योजनेत उमेदवाराकडून प्रशिक्षण शुल्क घेतले जात नाही.
• फ्यूचरस्किल्स प्राइम : इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय आणि नॅसकॉम यांचा उपक्रम. नव्या डिजिटल कौशल्यांचे अभ्यासक्रम येथे आहेत.
• राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना : कंपनीत काम करत शिकण्याची संधी आणि दरमहा विद्यावेतन. अनुभव नसलेल्यांना प्रमाणपत्रापेक्षा हा मार्ग अनेकदा जास्त उपयोगी पडतो.
• नॅशनल करिअर सर्व्हिस : नोकरी शोधणे, रोजगार मेळावे आणि करिअर समुपदेशनासाठी केंद्र सरकारचे मोफत पोर्टल.

दाखवण्यासारखे काम तयार करा

मुलाखतीत 'स्क्रमची व्याख्या सांगा' यापुढे 'तुम्ही ते कुठे वापरले?' हा प्रश्न येतो. महाविद्यालयाचा प्रकल्प, बचत गटाची मालविक्री किंवा गावातील वाचनालयाची पुस्तकसूची, असे कोणतेही खरे काम दोन-तीन जणांत घ्या. भिंतीवर किंवा मोफत ॲपवर 'करायचे', 'सुरू', 'झाले' असे तीन रकाने करा. दर आठवड्याला काय झाले, काय अडले आणि पुढे काय बदलले, याची नोंद ठेवा. अशा सहा आठवड्यांच्या नोंदी मुलाखतीत आपले काम समजावून सांगायला मदत करतात.

फसवणुकीपासून सावधान

• 'सरकारमान्य स्क्रम मास्टर', '१०० टक्के नोकरी', 'परीक्षा न देता प्रमाणपत्र' असे कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका.
• सीएसएमचा वर्ग लावण्यापूर्वी प्रशिक्षकाचे नाव स्क्रम अलायन्सच्या यादीत आहे का, ते तपासा.
• आपला आधार ओटीपी किंवा बँकेचा ओटीपी कोणालाही सांगू नका. कर्जाच्या हप्त्यावर शुल्क भरायला लावणाऱ्या कागदावर न वाचता सही करू नका.
• ऑनलाइन पैसे फसवून घेतले गेल्यास लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. प्रशिक्षण संस्थेच्या सेवेबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : माझी पदवी आयटीची नाही. मला परीक्षा देता येईल का?
उत्तर : होय. पीएसएम-१ आणि सीएसएमला पदवीची अट नाही. नोकरीसाठी मात्र कंपनीची स्वतःची शैक्षणिक अट असू शकते.

प्रश्न : शासकीय योजनेत मिळालेले प्रमाणपत्र आणि सीएसएम सारखेच का?
उत्तर : नाही. दोन्ही वेगळी आहेत. अर्जात प्रत्येकाचे नाव आणि देणारी संस्था स्पष्ट लिहा.

प्रश्न : शिकण्यात खंड पडला आहे. आता सुरुवात कुठून करू?
उत्तर : या आठवड्यात 'स्क्रम गाइड' वाचा आणि 'स्क्रम ओपन' चाचणी एकदा द्या. विषय आवडला तर स्वयंवर एक अभ्यासक्रम निवडा आणि नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी करा. इथपर्यंत एक रुपयाही खर्च होत नाही. त्यानंतर २० जाहिरातींची वही समोर ठेवून शुल्काचा निर्णय घ्या.