झटक्यांचा विकार आणि मुलाचा फलाहार

मूल एकसारखे डोळे मिचकावू लागले, खांदा उडवू लागले किंवा कारण नसता घसा खाकरू लागले, की घरात ती वाईट खोड समजली जाते. शाळेत प्रसंगी त्याबद्दल शिक्षाही होते. वस्तुतः हा मज्जासंस्थेचा विकार होय. त्यास 'टिक' म्हणतात. फ्रेंच डॉक्टर झील द ला तुरेत यांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो दिसू लागतो, दहा-बाराव्या वर्षी जोर करतो व पुष्कळ मुलांत पुढे ओसरतो. धाकाने तो थांबत नाही. मनावरील ताणाने उलट वाढतो.

अमुक एका फळाने हे झटके जातात, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून महागड्या सफरचंदांसाठी उसनवारी करण्याचे कारण नाही. ऐकीव पथ्ये तर त्याहून वाईट. केळे थंड, आंबा उष्ण, दही वर्ज्य, असे एकेक बंद करीत गेल्यास वाढत्या वयाचे मूल अपुऱ्या अन्नानेच खंगते.

अशा घरी परसातील पेरू फार उपयोगी. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे दोनशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या जवळजवळ चौपट. भाकरी, डाळ व पालेभाजी यांतील लोह अंगी लागण्यास त्याची मदत होते. मात्र फळ जेवणासोबतच द्यावे. पुण्यात गणेशखिंड येथे १९२७ साली निवडलेली सरदार, म्हणजेच लखनौ ४९, ही जात परसास चांगली. सांडपाण्यावर पपई व केळही सहज येते. मान वा जबडा उडत असल्यास बोर, जांभूळ व सीताफळ बिया काढून, मुलास बसवूनच द्यावे.

औषध चालू असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे. पिमोझाइड घेणाऱ्याने ग्रेपफ्रूट खाऊ नये. औषध रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याच्या जातकुळीच्या पपनसातही तशीच द्रव्ये असतात, हे कोकणातील पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे. काही औषधांनी भूक फार वाढते. तेव्हा भज्यांऐवजी पेरूची फोड हाती द्यावी. चहा मुलास एरवीही नकोच.

झटक्याच्या वेळी शुद्ध हरपत असेल, तर तो प्रकार निराळा समजून गावातील कार्यकर्त्याने मुलास विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे.